जागा नव्हती : नाताळनिमित्त दोन शब्द

आज आगमनकाळाचा चौथा रविवार. सकाळी आमच्या चर्चमध्ये वेदीजवळच्या हिरव्या चक्रावरची चौथी मेणबत्ती लागली. तीन जांभळ्या, एक गुलाबी. चारही पेटल्या की आम्हा ख्रिस्ती घरांतल्या मुलांना कळतं, नाताळ आता दाराशी आला.

कार्यक्रमाच्या ताईंनी विचारलं, "नाताळावर दहा मिनिटं बोलाल का?" मी लगेच हो म्हटलं. मग घरी येऊन विचार करत बसले, की बोलायचं काय? येशूच्या जन्माची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. इथे अमेरिकेत तर दुकानादुकानांत, अंगणाअंगणांत तिचा देखावा दिसतो. म्हणून ठरवलं, माझ्याच घरात यंदा या गोष्टीने जे केलं ते सांगावं. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, पण सांगते.

आधी थोडी ओळख. मी वसईची. न्यू जर्सीत येऊन एकोणीस वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा गेले, तेव्हा मी नाव सांगितलं की समोरची माणसं पटकन इंग्रजीत बोलायला लागायची. मी मराठीत उत्तर दिलं की म्हणायची, "अय्या, तुम्हाला मराठी किती छान येतं!" अहो, येणारच. माझ्या आजीला दुसरी भाषाच येत नव्हती. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. मग चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला आणि भाषाही राहिली. घरात आमची सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी. 'नाताळ' हा शब्द तेवढा पोर्तुगीजांचा, पण आता तो आपल्या सगळ्यांचाच झाला आहे. २०२० साली उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष होते आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे लेखक. त्यानंतर मला ओळख सांगायला जरा कमी शब्द लागू लागले.

तर नाताळ. तुम्ही लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल. त्यावर हळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ आणली असेल. आमच्याकडे तसाच गोठा असतो. दोन-तीन आठवडे आधी थाळीत गहू किंवा नाचणी भिजवून पेरायची. नाताळपर्यंत बोटभर रोपं उगवतात, ती गोठ्याभोवती शेत म्हणून मांडायची. पेंढ्याचं छप्पर, मातीची मेंढरं, योसेफ, मरिया. आणि मध्ये गव्हाण, पण ती रिकामी. बाळ येशूची मूर्ती आई कपाटात गुंडाळून ठेवायची. नाताळच्या आदल्या मध्यरात्री मिस्सा ऐकून, थंडीत चालत घरी आलो की घरातलं सगळ्यांत लहान मूल ती मूर्ती गव्हाणीत ठेवायचं. तोवर ती जागा रिकामी ठेवायची, असा नियमच होता.

हे इथेही मी चालू ठेवलं आहे. आमच्या धर्मग्रामात आयरिश वंशाची जुनी मंडळी आहेत, फिलिपिनो आहेत, मेक्सिकन आहेत, केरळी आहेत. नाताळच्या आधीचे नऊ दिवस फिलिपिनो लोकांची खास मिस्सा असते. त्यांच्या देशात ती पहाटे होते, इथे नोकऱ्यांमुळे संध्याकाळी. मेक्सिकन कुटुंबंही १६ डिसेंबरपासून नऊ संध्याकाळी एक विधी करतात. काही जण मरिया आणि योसेफ होऊन दारोदार जातात, गाण्यातून आसरा मागतात. आतली माणसं गाण्यातूनच नाही म्हणतात. असं दारामागून दार. शेवटचं दार उघडतं, सगळे आत जातात, प्रार्थना होते आणि मग जेवण.

या सगळ्यांत आम्ही मराठी मोजून तीन घरं. मराठी मिस्सा इथे कुठून असणार? मुलीला मी 'आमच्या स्वर्गातील बापा' मराठीत शिकवलं, पण तिला देवनागरी भरभर वाचता येत नाही. म्हणून वहीत रोमन अक्षरांत लिहून दिलं. लिहिताना वाईट वाटत होतं. मग आठवलं, मराठीतलं ख्रिस्ती साहित्य छापलं गेलं तेच मुळी रोमन अक्षरांत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी आपली भाषा आपल्यासारखी शिकून घेतली आणि ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. दहा हजारांहून जास्त ओव्या. नवख्रिस्ती लोकांचं पुराण ऐकणं सुटलं होतं, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं, म्हणून. १६१६ साली ते पहिल्यांदा छापलं, तेव्हा तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. पुस्तक मराठी, लिपी रोमन. तेव्हा श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी नातवंडांना शुभंकरोति रोमन अक्षरांत लिहून देत असेल, तर मन छोटं करू नका. अक्षर मागाहून शिकता येईल, आधी शब्द तोंडात राहू दे.

आता मूळ गोष्टीकडे येते. यंदा आमच्या चर्चमध्ये मुलांचं नाताळचं नाटक आहे. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला धर्मशाळेच्या मालकाचं काम मिळालं. एकच वाक्य : "जागा नाही." ती घरी येऊन रुसून बसली. म्हणाली, "आई, मला वाईट माणूस व्हायचं नाही. मला मेंढरू चालेल."

मी म्हटलं, चल, शुभवर्तमानात काय लिहिलंय ते बघू. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला, आम्ही दोघींनी दोनदा वाचला. आणि इतकी वर्षं माझ्या लक्षात न आलेली गोष्ट तेव्हा लक्षात आली. त्यात धर्मशाळेचा मालकच नाही! कोणी दार उघडत नाही, कोणी दार लावत नाही. मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण त्यांना जागा नव्हती, एवढंच लिहिलं आहे. तो मालक पुढे लोकांनी नाटकासाठी उभा केला. बैल आणि गाढवही लूकने लिहिलेले नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून पुढे गोठ्यात आले.

मी मग थोडं आणखी वाचलं. मराठी बायबलमध्ये आपण 'उतारशाळा' वाचतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उतरायची जागा, पाहुण्यांची खोली, असाही होतो. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं त्या खोलीला लूकने तोच शब्द वापरला आहे. आणि चांगल्या शमरोनीच्या गोष्टीत खरोखरची धर्मशाळा येते, तिथे मात्र वेगळाच शब्द आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, योसेफ आपल्याच नातेवाइकांच्या घरी आला असेल. नावनोंदणीसाठी गाव भरलेलं, पाहुण्यांची खोली आधीच गेलेली. त्या काळी तिकडच्या साध्या घरांत रात्री जनावरं घरातच खालच्या बाजूला बांधत, गव्हाण तिथेच असे. कोकणातल्या घराला लागून गोठा असतो, तसंच काहीसं समजा. म्हणजे कोणी हाकललं नसेल. पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती, इतकंच.

मी मुलीला म्हटलं, "बघ, 'नाही' म्हणणारा वाईट माणूस इथे कोणीच नाही."

ती म्हणाली, "पण आई, कोणीतरी म्हटलं असेल ना? आपोआप कशी जागा नसते?"

श्रोतेहो, मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेले. कारण मला ऑगस्ट आठवला.

ऑगस्टमध्ये एका मुलाचा मला फोन आला होता. पुण्याचा मुलगा, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आदल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती. आरतीनंतर मोदकांचं ताट घेऊन तो आमच्याशेजारी बसला होता, तेव्हापासून मला ताई म्हणायचा. त्याची नोकरी गेली होती. तुम्हाला सांगायला नको, एच-वन-बीवर नोकरी गेली की साधारण साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी नाहीतर परतीचं तिकीट. त्यातच त्याच्या भाड्याच्या घराची मुदत संपत होती. महिनाभराच्या राहण्यासाठी कोणी नवा करार करेना. तो म्हणाला, "ताई, तुमच्या बेसमेंटमध्ये तीन-चार आठवडे राहू शकतो का? भाडं देईन."

आमचं बेसमेंट रिकामं होतं. एक पलंग आहे, न्हाणीघर आहे. मी म्हटलं, "अरे, नेमके पाहुणे यायचेत रे. जागा होत नाहीये बघ."

पाहुणे आले, हे खरं आहे. चार दिवसांसाठी आले. ते वरच्या खोलीत झोपले.

मी खोटं बोलले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. नवऱ्याला विचारलंही नव्हतं. आपल्या मराठीत किती सोय आहे बघा. "मी जागा देत नाही" असं म्हणावं लागत नाही. "जागा होत नाहीये", "जमत नाहीये", "बघते हं" असं म्हटलं की नाही म्हणणारा माणूस वाक्यातून गायबच होतो. तो मुलगा महिनाभर कुठे राहिला, मी विचारलं नाही. दिवाळीला त्याचा पुण्याहून निरोप आला : ताई, तुम्हा सर्वांना शुभेच्छा. मी दिव्याचं चित्र परत पाठवलं.

आणि या सगळ्या महिन्यांत मी दर रविवारी मिस्सेला जात होते. प्रभुशरीर घ्यायला हात पुढे करत होते. आमचे फादर एकदा प्रवचनात म्हणाले होते, की बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर, आणि बाळाला ठेवलं ती जागा खाण्याची, गव्हाण. आमची श्रद्धा आहे, की त्या गव्हाणीतलाच प्रभू वेदीवर भाकरीच्या रूपात आपल्याला मिळतो. हे मी लहानपणापासून मानत आले. पण तो दारात आला तेव्हा मी त्याला पाहुण्यांचं कारण सांगितलं.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गोठा मांडला. आजच्या गोठ्यांची परंपरा तिथून धरतात. त्या रात्री तिथे मूर्ती नव्हत्या. पेंढा होता, खरा बैल आणि खरं गाढव होतं. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली. गावकरी मशाली घेऊन आले होते आणि रिकाम्या गव्हाणीकडे बघत उभे होते. आई मूर्ती कपाटात का ठेवायची, ते मला यंदा थोडं कळलं. आपण आधी जागा करायची, मग तो येतो.

नाताळच्या आधी आम्ही पापनिवेदन करतो, फादरांपुढे. मी यंदा हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या मुलाला सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. त्या रात्री त्याला लिहिलं. घर रिकामं होतं, मी नाही म्हटलं, माझं चुकलं, असं सरळ. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं : "ताई, तेव्हा वाईट वाटलं होतं. आता पुण्यात नोकरी आहे. आई-बाबा खूश आहेत." बस्स, एवढंच. 'असू दे हो' म्हणाला नाही तो, आणि ते बरंच केलं.

मग आम्ही तिघांनी बेसमेंट आवरलं. जुनी खोकी हलवली, पलंगावर नवी चादर घातली. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आणि चर्चच्या कार्यालयात सांगून ठेवलं आहे, की अडलेल्या माणसासाठी आमच्याकडे महिनाभराची जागा आहे. अजून कोणी आलेलं नाही. येईल तेव्हा मला ते जड जाणार, हेही माहीत आहे. स्वयंपाकघर वाटून घ्यावं लागेल, कुरबुरी होतील.

मुलीने शेवटी काम घेतलं. म्हणाली, कोणीतरी ते वाक्य बोलायलाच हवं. फक्त बाईंना विचारून तिने एक भर घातली आहे : जागा नाही म्हटल्यावर ती कंदील घेऊन त्यांना गोठ्यापर्यंत सोडायला जाते.

श्रोतेहो, तुम्ही कोणत्याही देवाला हात जोडत असा, तुमच्या ओळखीत या थंडीत कोणीतरी अडलेलं असेल. नवीन आलेलं, नोकरी गेलेलं, नाहीतर घरात एकटं बसलेलं. त्याचा फोन आला आणि तोंडात "जमत नाहीये" आलं, तर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, की हे कोण म्हणतंय? खरंच जमत नसेल तर तसं सांगा आणि कंदील घेऊन दोन पावलं त्याच्याबरोबर चाला.

आमच्या घरी नाताळच्या संध्याकाळी करंज्या असतील, चहा असेल. गव्हाणीत बाळ ठेवायचा मान अजून मुलीचाच आहे. तुम्हा सर्वांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा. नमस्कार.