मिशी सरळ आहे का?

केव्हा एकदा हा पाहुणा खाली बसतोय याची वाट बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मघाशी विंगेत नाटकातल्या एका मुलानं मला तीनदा विचारलं, “सर, मिशी सरळ आहे ना?” आरसा त्याच्या हातातच होता. मला हसू आलं, कारण काल रात्री हेच भाषण मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरं आहे.” त्या ‘बरं’नं माझी झोप उडवली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी!

सवय जुनीच. याच कॉलेजात मी वक्तृत्व स्पर्धेत बोलायचो ते परीक्षकांच्या तोंडाकडे बघत. त्यांना जांभई आली की माझा मुद्दा बदलायचा. एकदा तर विषयाच्या बाजूनं सुरुवात करून विरोधात शेवट केला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कशाला उत्तेजन दिलं, ते परीक्षकच जाणोत.

पुढे अशा जांभयांना न बधणाऱ्या एका माणसाबद्दल वाचलं: र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या काळी हा शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. नोकरी गेली. 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर, तरी दंड झालाच. मासिक मात्र 1953 पर्यंत, म्हणजे ते जाईपर्यंत, चालू राहिलं. मला वाटतं, हा चिवटपणा गणितातून आला असावा. फळ्यावरची सिद्धता काही वर्गानं हात वर करून मंजूर करायची नसते. चूक दाखवा, पुसतो. नुसतं नाक मुरडलंत तर खडू खाली ठेवणार नाही.

आता त्यांचे वडील, धोंडो केशव. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्याच माणसाला भारतरत्न मिळालं. लोकांचं मत बहिष्कारापासून भारतरत्नापर्यंत फिरायला 65 वर्षं लागली. मुलाच्या बाबतीत ते तो असेपर्यंत फिरलंच नाही. एकाच घरातली ही दोन माणसं. वडिलांच्या वाट्याला उशिरा का होईना हार आले, मुलाच्या वाट्याला दंडाची पावती. यातलं कुठलं काम जास्त खरं होतं, ते हारावरून ठरवायचं की पावतीवरून?

तुम्ही उद्यापासून कुणाचं ऐकू नका, असं मी म्हणत नाही. हॉलतिकिटावरच्या सूचना तरी ऐकाच! आणि कौतुक मलाही आवडतं. टाळ्या वाजल्या तर मी काही कान झाकून घेणार नाही. पण त्या दिवशी परीक्षकाच्या जांभईपायी मी सोडून दिलेला मुद्दा बरोबर होता, आणि तो मला आजही पाठ आहे. तो मांडायचा राहून गेला.

बस्स. विंगेतून मघापासून खुणा चालल्यात. घामानं मिशी सुटायच्या आत पडदा उघडा.