हंगामी गुरुजी



फुटबॉल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पायांनीं खेळावयाचा चेंडू येतो. आज ज्या खेळाविषयीं मी चार शब्द बोलणार आहें, त्यांत चेंडू बहुतेक वेळ हातांत असतो; तो गोलहि नसतो, सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता असतो; आणि तरीहि अमेरिकेंतील लोक त्याला फुटबॉलच म्हणतात. शंभर यार्डांचें मैदान, दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें; सरकतां आलें तर पुन्हां चार प्रयत्न, न आलें तर चेंडू बहुधा प्रतिपक्षाकडे. शेवटची रेघ ओलांडली कीं सहा गुण. तितकें न जमल्यास दुरून लाथेनें चेंडू दोन खांबांमधून उडवून तीन गुण. हुतूतूची झोंबी आणि बुद्धिबळाची आंखणी यांचा संकर म्हणाना! इतकें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील हकीकतीस पुरे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. या खेळाचा माझा अभ्यास तो काय असणार? परंतु २०१६ सालीं, निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षीं, लुइझियाना राज्यांतील बॅटन रूज या शहरीं मुलीकडे तीन महिने राहण्याचा योग आला. ऑगस्टांत तेथें महापूर येऊन गेला होता. रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्यांचे आणि उपटलेल्या फळ्यांचे ढीग अद्यापि पडलेले होते. अशा शहरांत माणसें दोन घटका दुसरें कांहीं बोलत असतील, तर तें लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयीं. या संघाचें क्रीडांगण लाखावर प्रेक्षकांचें; त्यासमोर विद्यापीठानें खराखुरा वाघ पाळलेला. (तो बिचारा त्याच ऑक्टोबरांत कर्करोगानें वारला.) संघाला शिकविणाऱ्यास तेथें कोच म्हणतात, आणि त्याचा पगार राज्याच्या गव्हर्नराच्या पगाराच्या अनेक पट असतो. विद्यार्थ्यांच्या खेळाला एवढा पैसा कां, असें मीं जांवयांना विचारलें. ते हंसले आणि त्यांनीं दूरचित्रवाणी सुरू केली.

मुख्य कोच लेस माइल्स २००५ पासून तेथें होते. २००७ च्या हंगामांत त्यांनीं संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. एकंदर कारकीर्दींत ११४ सामने जिंकले, ३४ हरले. तथापि अलाबामाकडून लागोपाठ पांच वेळां हार खाल्ली, आणि त्यांचें आक्रमण जुन्या वळणाचें, चेंडू कांखेंत धरून धावत सुटण्यापलीकडे त्यांत फारसें कांहीं नाहीं, असा लोकांचा आक्षेप होता. तो अगदींच खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. २०१५ च्या नोव्हेंबरांत लागोपाठ तीन सामने गेले तेव्हां त्यांना काढणार अशी आवई उठली. पण शेवटच्या सामन्यांत टेक्सास ए अँड एम संघाला १९-७ असें हरविल्यावर मुलांनीं त्यांना खांद्यावर घेतलें, आणि त्याच रात्रीं त्यांची जागा राहिल्याचें जाहीर झालें.

त्या खांद्यांवरून उतरून दहा महिने झाले नाहींत तोंच पुढचा प्रसंग आला. २०१६ च्या आरंभीं वृत्तपत्रांच्या क्रमवारींत हा संघ देशांत पांचवा होता. पहिलाच सामना विस्कॉन्सिनशीं १४-१६ असा गेला, पुढचे दोन जिंकले, आणि २४ सप्टेंबरला ऑबर्न येथें चौथा झाला. ऑबर्नचे १८ गुण त्यांच्या एका गड्यानें सहा वेळां चेंडू लाथेनें उडवून मिळविलेले. शेवटची रेघ त्यांनीं एकदांहि ओलांडली नव्हती. लुइझियानाचे गुण १३. अगदीं शेवटच्या क्षणीं आमच्या गड्यानें चेंडू फेंकला, दुसऱ्यानें तो रेघेपलीकडे झेलला, आणि पंचांनीं गुण दिले. जांवई सोफ्यावर उभे राहिले! मग चित्रें पुन्हां तपासलीं गेलीं. घड्याळ शून्यावर आल्यानंतर चेंडू हालला होता. गुण रद्द झाले, सामना गेला, आणि दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, माइल्स यांना निरोप मिळाला. त्यांनीं मुलांना बरें शिकविलें होतें कीं वाईट, याचा त्या एका सेकंदाशीं काडीचाहि संबंध नव्हता.

त्यांच्या जागीं तात्पुरते म्हणून एड ऑर्जरॉन यांना नेमलें. हे गृहस्थ त्याच राज्यांतील लारोझ गांवचे. घसा असा घोगरा कीं जन्मभर पावसाळ्यांत पत्र्याखालीं वर्ग घेतलेला मास्तरच वाटावा. हंगामी कामाचा त्यांना अनुभव होता. २०१३ सालीं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानें आपल्या मुख्य कोचला भर हंगामांत, तेंहि हरून परत येतांना विमानतळावर उतरल्याबरोबर, काढून टाकिलें, तेव्हां ऑर्जरॉन यांनीं पुढील आठांपैकीं सहा सामने जिंकून दिले. मुलांच्या ताटांतून बंद झालेलीं गोड बिस्किटें त्यांनीं परत आणलीं. तरीहि कायमची जागा दुसऱ्यास मिळाली, आणि हे वर्षाचा शेवटचा सामना न खेळवितांच निघून गेले.

बॅटन रूज येथें त्यांनीं सरावाचे तास आंखूड केले. आक्रमण शिकविणारा मनुष्यहि बदलला होता. पहिल्याच सामन्यांत मिसूरीस ४२-७ असें लोळविलें. पुढें सदर्न मिसिसिपी ४५-१०, मिसिसिपी ३८-२१. अलाबामापुढें मात्र पाटी कोरी राहिली, ०-१०. मुलीच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या घरांत पुराचें पाणी कमरेइतकें शिरलें होतें. ते रोज फाटकाशीं मला थांबवून म्हणत, “मुलें तींच आहेत, पण पाहा कशीं खेळतात!”

हें वाक्य मीं पूर्वीं ऐकलेलें होतें. तालुक्याच्या गांवीं मी सहायक शिक्षक असतांना सातवीच्या शिष्यवृत्ति परीक्षेंत एका वर्षीं आमच्या शाळेचा एकहि मुलगा आला नाहीं. त्यापूर्वीं दरसाल तीनचार येत. गांवकऱ्यांनीं अर्ज केले, आणि भर वर्षांत, डिसेंबर महिन्यांत, मुख्याध्यापकांची दूरच्या खेड्यावर बदली झाली. शाळेचा भार माझ्याकडे आला. मीं काय केलें? संध्याकाळचा जादा तास निम्मा केला आणि छडी कपाटांत ठेविली. फेब्रुवारींत परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हां पांच मुलें आलीं. गांवानें सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला, भाषणें झालीं, आणि प्रत्येक भाषणांत हेंच वाक्य: मुलें तींच! मीं तें खालीं मान घालून ऐकलें, आणि खरें सांगावयाचें तर मला तें फार गोड लागलें. त्या पांचांचें गणित जूनपासून कोणीं पक्कें करून घेतलें होतें हें मला ठाऊक होतें. त्या व्यासपीठावर मीं तें बोललों नाहीं.

म्हणून बॅटन रूजचे विजय मी जांवयांसारख्या मोकळ्या मनानें पाहूं शकलों नाहीं. लेनर्ड फुर्नेट हा पहाडासारखा गडी घोटा दुखावून बसला तेव्हां डेरियस गाइस पुढें आला. दोघेहि माइल्स यांच्याच कारकीर्दींत निवडले गेलेले. अर्थात् माणूस बदलल्यानें कांहींच होत नाहीं असेंहि नव्हे. दबलेल्या वर्गांत नवा माणूस आला कीं मुलांचे खांदे मोकळे होतात, हें मीं स्वतः पाहिलें आहे. परंतु तो मोकळेपणा एकाचा आणि तयारी दुसऱ्याची असली, तरी निकालाच्या कागदावर तीं वेगवेगळीं लिहिलेलीं नसतात.

१९ नोव्हेंबरचा फ्लोरिडाशीं झालेला सामना मीं प्रत्यक्ष पाहिला. तो ऑक्टोबरांत फ्लोरिडांत व्हावयाचा. मॅथ्यू वादळामुळें पुढें ढकलून बॅटन रूजला आणलेला. एवढ्या गर्दींत मी जन्मांत बसलों नव्हतों. अखेरचे सेकंद, गुण १०-१६, आणि शेवटची रेघ अवघ्या एका यार्डावर. गाइसनें उडी घेतली, तो तेथेंच अडविला गेला. सप्टेंबरांत एक सेकंद, नोव्हेंबरांत एक यार्ड. पहिल्यापायीं एकाची जागा गेली, दुसऱ्यापायीं दुसऱ्याची गेली नाहीं. पांच दिवसांनीं टेक्सास ए अँड एम वर ५४-३९ असा विजय मिळाला. ह्यूस्टनच्या ज्या कोचवर विद्यापीठाची नजर आहे असें वृत्तपत्रें लिहीत होतीं, त्यानें टेक्सास विद्यापीठाची वाट धरली, आणि २६ नोव्हेंबरला ऑर्जरॉन कायम झाले. वर्षाअखेर लुइव्हिलवर २९-९ असा विजय मिळून हंगाम आठ जिंकले, चार हरले असा पुरा झाला.

पुढें २०१९ च्या हंगामांत याच ऑर्जरॉन यांच्या संघानें पंधराचे पंधरा सामने जिंकले आणि १३ जानेवारी २०२० ला क्लेम्सनला ४२-२५ असें हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलें. पुढील वर्षीं पांच जिंकले, पांच हरले. १६ ऑक्टोबर २०२१ ला त्यांच्या मुलांनीं फ्लोरिडाला ४९-४२ असें हरविलें, आणि दुसऱ्याच दिवशीं, हंगाम संपल्यावर त्यांनीं जावें असें ठरल्याचें जाहीर झालें. जिंकलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं! ही बातमी मीं येथें घरीं बसून वाचली.

सत्काराचें सांगतांना एक गोष्ट राहिली. त्यानंतर आठवड्याभरानें पेढ्यांचा पुडा घेऊन, एस. टी. च्या दोन गाड्या बदलून, मी त्या खेड्यावर गेलों. गुरुजी वर्गावर होते. शाळा सुटेपर्यंत मी ओट्यावर बसून राहिलों. त्यांनीं एक पेढा घेतला, बाकीचा पुडा मुलांकडे दिला आणि विचारलें, “मास्तर, तो सुताराचा मुलगा, शेवटच्या बांकावरचा, अपूर्णांकांना फार भीत असे. त्याला गणितांत किती मिळाले?”

तो मुलगा त्या पांचांत नव्हता. त्याचे गुण मीं पाहिलेच नव्हते.