तहानेची वाट पाहू नका

मंडळी, आज आम्ही पाण्याविषयी चार शब्द सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पाणी प्यायलाही शिकवावं लागतं का?" आम्हांलाही पूर्वी तसेच वाटत होते.

2011 सालच्या वैशाखातली गोष्ट. आमची आई तेव्हा 80 वर्षांची होती. एके दिवशी ती भलतेच बोलू लागली. नातवाला ओळखेना. उठली की घेरी येई. घरातली माणसे म्हणाली, "वय झालं, असंच चालायचं." आम्हीही मान डोलावली.

नर्सबाई आल्या. त्यांनी आईची जीभ पाहिली. ती लाकडासारखी कोरडी होती. त्यांनी विचारले, "गुरुजी, आजींनी आज पाणी किती घेतलं?" आम्हांला उत्तर देता येईना. शाळेत आम्ही रोज मुलांची हजेरी घेत होतो. पण घरात आई पाणी पिते की नाही, हे कधी पाहिले नव्हते.

दवाखान्यात सलाइन लावले. दोन दिवसांत आई नीट बोलू लागली. मग म्हणाली, "रात्री अंधारात बाहेर जावं लागतं ना, म्हणून पाणी घेत नव्हते. आणि तहान तरी कुठं लागत होती?"

मंडळी, खरी गोम इथेच आहे. म्हातारपणी अंगातले पाणी कमी झाले तरी तहान नीट कळत नाही. म्हणून तहानेची वाट पाहू नये. सकाळी उठल्यावर, जेवताना, औषध घेताना, दुपारी, अशा ठरल्या वेळी पाणी द्यावे. नुसते पाणी नको वाटले, तर ताक द्यावे, पेज द्यावी. बाजेजवळ तांब्याभांडे ठेवावे. रात्रीसाठी उशाला बॅटरी ठेवावी.

लघवी गडद पिवळी झाली, तोंड कोरडे पडले, घेरी आली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जुलाब झाले तर जलसंजीवनीची पुडी आणावी. पाण्याचे माप पुडीवर लिहिलेले असते. आता ते तुम्हांला वाचता येते! माणूस भलतेच बोलू लागला किंवा लघवी बंद झाली, तर घरी थांबू नये. थेट दवाखाना गाठावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी किती द्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

आज घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. विचारा, "आज पाणी किती घेतलंत?" आणि भांडे भरून त्यांच्या हातात द्या.