घड्याळ लावून जोर

तालमीत 'आज किती काढले?' असं विचारतात. 'किती वेळ केलं?' असं कुणी विचारत नाही. जोर, बैठका, नमस्कार, सगळं मोजून. आकडा भरला की गडी मोकळा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, तेही मोजून घालायचेच. घड्याळ लावून करायचा व्यायाम दुसऱ्या घराण्यातला.

१९५० च्या दशकात कॅनडाच्या हवाई दलाची अडचण अशी, की उत्तरेकडच्या दूरच्या तळांवर ना व्यायामशाळा, ना साधनं. वैमानिक मात्र तंदुरुस्त हवेत. बिल ऑर्बन यांनी त्यावर ११ मिनिटांचा 'फाइव्ह बीएक्स' हा व्यायामक्रम बसवला. वाकून पायांना हात लावणं २ मिनिटं, पोटाचा, पाठीचा आणि जोर असे तीन प्रकार एकेक मिनिट, मग जागच्या जागी धावणं ६ मिनिटं. यातली खुबी अशी, की मिनिटं कधीच वाढत नाहीत. वाढतो तो त्यात बसवायचा आकडा. म्हणजे तालमीचा हिशेब इथेही आहेच, फक्त घड्याळाच्या कुंपणात.

२०१३ साली अमेरिकेत क्लिका आणि जॉर्डन यांनी १२ प्रकारांचा 'सात मिनिटांचा व्यायाम' मांडला. एकेक प्रकार ३० सेकंद, मध्ये १० सेकंद दम. बेरीज करून पाहावी: सात नव्हे, जवळजवळ आठ मिनिटं! शिवाय हा फेरा दोन-तीनदा करता येईल असं त्यांनीच लिहिलं होतं; ते सोयीस्कर विसरलं गेलं. क्रम मात्र हुशारीचा. जोर काढून हात भरून आले की पाळी पोटाची आणि पायांची, तेवढ्यात हातांना उसंत. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, प्लँक (कोपरांवर अंग ताठ धरणं) यांत स्नायू आवळून धरावे लागतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते जपून करावं, श्वास कोंडू नये.

'ताबाता'च्या नावावर तर बरंच काही खपतं. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा १९९६ चा प्रयोग व्यायामाच्या सायकलवरचा होता: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबून, सात-आठ फेऱ्यांत माणूस पार गळून जाईल असा. दिवाणखान्यात मोबाइलच्या टिकटिकीवर रमतगमत मारलेल्या उड्यांना ते नाव देणं म्हणजे निव्वळ हौस. उड्या वाईट नाहीत. नाव मोठं आहे.

नवख्याने चार बैठकांपासून सुरुवात केली तरी चालतं. सात मिनिटांच्या व्यायामातल्या चढ-उताराला प्लास्टिकची खुर्ची घेऊ नये, फरशीवर ती सरकते. भिंतीला टेकवलेलं जड लाकडी स्टूल बरं. खालच्या मजल्यावरून तक्रार येत असेल तर उड्यांऐवजी गुडघे उचलत जागच्या जागी चालावं. आणि ३० सेकंदांत किती बैठका झाल्या तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने लिहावा. सोमवारी १४, गुरुवारी १५.