देवराई : देवाचे मूळ मंदिर



सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा तळकोकणात गावाबाहेर एकाएकी गर्द झाडी लागली, की वाटसरू ओळखतो, ही देवाची राई. आत वाघजाई, काळकाई, सोमजाई किंवा भैरवनाथ नांदत असतात. मूर्ती बहुधा घडवलेली नसते. शेंदूर माखलेला तांदळा आणि त्याच्या माथ्यावर पानांचे छत, एवढेच ते देवस्थान. भोवतालचे डोंगर उघडे पडले, तरी या झाडांवर कुऱ्हाड चालली नाही. अनेक गावांत तर गळालेली काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक होता. झाड तोडण्याची वेळ आलीच, तर आधी देवाला कौल लावायचा.

या दंडकाला भाबडेपणा म्हणून हसणारे अनेक होते. परंतु १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील देवराया अभ्यासल्या, आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेने काय राखले आहे ते विज्ञानजगतापुढे आले. मूळ अरण्याचे अखेरचे अवशेष अनेक ठिकाणी या रायांतच उरले होते.

भीमाशंकरजवळच्या आहुपे येथील राईत गारंबीचे अजस्र वेल आहेत. गारंबीची शेंग हातभरापेक्षाही लांब वाढते. मावळातील आजिवलीच्या राईत भेरली माड आहेत. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. अशी ढोली पडायला झाडाला म्हातारे व्हावे लागते, आणि झाडाला म्हातारे होऊ देण्याचे औदार्य देवराईखेरीज फार थोड्या जागी उरले आहे. राईतला पालापाचोळा कुजून जमीन भुसभुशीत होते, पावसाचे पाणी मुरते. म्हणूनच कित्येक गावांचा झरा राईच्या पायथ्याशी असतो. पूर्वजांनी देव, झाड आणि पाणी यांची एकच गाठ बांधली होती.

ती गाठ आज सुटते आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ती भक्तीच्याच नावाने सुटते आहे. तांदळ्यावर सिमेंटचा सभामंडप चढतो, फरशी बसते, वाहनतळ होतो. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईतले लाकूड विकले गेल्याची उदाहरणे आहेत. ज्या देवाला शतकानुशतके आकाशाचे छत पुरले, त्याच्यासाठी त्याचेच घर मोडून नवे घर बांधायचे, याला जीर्णोद्धार कसे म्हणावे?

डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ‘ओरण’ या देववनांच्या संरक्षणाचे निर्देश दिले आणि देशभरातील अशा वनांसाठी धोरण आखण्याची शिफारस केंद्र सरकारला केली. हे स्वागतार्हच आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाला आपली लोकजैवविविधता नोंदवहीही तयार करता येते. मात्र रात्री राईत शिरणारी करवत कायद्याच्या आधी गावाने अडवायची असते. जीर्णोद्धाराची पावती फाडण्यापूर्वी प्रत्येक गावाने राईची हद्द आखावी, झाडे मोजावीत आणि एकही न तोडण्याचा ठराव ग्रामसभेत करावा. देवळाला कळस नंतरही चढवता येईल. दोनशे वर्षांचा बेहडा मात्र वर्गणी काढून उभा करता येत नाही.