चिठ्ठीतले गाव

(वसई येथे एका व्याख्यानमालेत परदेशात दीर्घकाळ राहून परतलेल्या पाचूबंदरच्या एका निवृत्त मरीन इंजिनीअरने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



‘परदेशातील अनुभव आणि परतीचा प्रवास’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी त्यांना म्हणालो, अनुभव सांगेन. परतीचा प्रवास मात्र अजून पुरता झालेला नाही. ते हसले. त्यांना वाटले मी विनोद करतो आहे. मी खरेच सांगत होतो. कसे ते पुढे येईलच.

माझा जन्म १९५६ सालचा, पाचूबंदरचा. किल्ल्याच्या तटाला लागून असलेली आमची वस्ती तुम्हा सर्वांच्या परिचयाची आहे. माझे वडील डोलीची मासेमारी करीत. आमच्या घरात छापील दिनदर्शिका असे, पण वडिलांना ती लागत नसे. उधाण कधी, भांग कधी, पाणी कोणत्या वेळी ओढ घेईल, हे सारे तिथीवरून त्यांच्या जिभेवर असे. डोलीचे काम सगळे पाण्याच्या ओढीवर. ओढ नसेल तर जाळ्याचे तोंड उघडत नाही, आणि बोंबील काही आपणहून वलांडीवर येऊन बसत नाही! मी शाळेत हुशार निघालो. मास्तर वडिलांना म्हणाले, पोराला होडीवर नेऊ नका. वडिलांनी ऐकले. पुढे मी मुंबईला मरीन इंजिनीअरिंगचे प्रशिक्षण घेतले आणि १९७९ मध्ये मालवाहू जहाजावर रुजू झालो. म्हणजे होडी टळली, समुद्र टळला नाही.

जहाजावरच्या बारा वर्षांविषयी फार सांगण्यासारखे नाही. लोकांना वाटते जहाजावरचा माणूस जग पाहतो. इंजिनरूममधला माणूस जगाच्या सर्व बंदरांत एकच गोष्ट पाहतो, आणि ती म्हणजे इंजिन. तरी एक दिवस माझ्या लक्षात राहिला आहे.

१९८४ मध्ये आमचे जहाज दुरुस्तीसाठी नागासाकीला होते. एका मोकळ्या दुपारी मी स्टेशनजवळच्या निशिझाका नावाच्या टेकडीवर गेलो. तेथे एका लांब भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. फेब्रुवारी १५९७ मध्ये या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, त्यांचे हे स्मारक १९६२ मध्ये उभारले गेले. माहितीपत्रक चाळताना एका नावापाशी मी थबकलो. गोन्सालो गार्सिया, जन्मस्थान वसई. हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. किल्ल्यात त्यांच्या नावाचे चर्च आहे, गावात महाविद्यालय आहे. पण आपल्या किल्ल्याच्या आतला एक मुलगा, ज्याची आई इथलीच होती, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास जपानला पोहोचला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारी झाला, मनिलाला जाऊन संन्यस्त झाला, दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला आणि तिथेच मारला गेला, हे मला कोणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल, मी ऐकले नव्हते.

मित्रहो, पोर्तुगीज राजवटीत वसईने काय सोसले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी हा किल्ला घेतला तेव्हा काय किंमत मोजावी लागली, हे तुम्हाला मी सांगण्याची आवश्यकता नाही. माझी उपासना वेगळी, गोन्सालोंची वेगळी. परंतु आमच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत हिंदू कोळी आहेत, तसे ख्रिस्ती कोळीही आहेत, आणि वादळात अडकलेल्या होडीची वाट पाहताना किनाऱ्यावर सगळे एकत्रच उभे असतात. त्या टेकडीवर मला धर्म आठवला नाही. मला एवढेच वाटले, की हा आपल्या गावचा, आणि हा परत आला नाही.

१९९१ मध्ये मी जहाज सोडले आणि मॉरिशसला, पोर्ट लुई बंदरात जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात नोकरी धरली. दोन वर्षांसाठी गेलो होतो, पंचवीस वर्षे राहिलो. बाहेर राहिलेल्या प्रत्येक माणसाची कथा हीच असते. ‘या वर्षी नको, पुढच्या वर्षी’ असे म्हणता म्हणता मुलीची शाळा संपते.

पोर्ट लुईच्या धक्क्याजवळ ‘आप्रवासी घाट’ आहे. दगडी सोळा पायऱ्या. नोव्हेंबर १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेली हिंदुस्थानी माणसे जहाजातून उतरून नोंदणीसाठी या घाटावर येत. १९२० पर्यंत अशी साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. २००६ मध्ये युनेस्कोने या घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बहुतेक माणसे कलकत्त्याहून नेलेली, बिहार आणि पूर्वेकडची. परंतु मुंबईहूनही जहाजे जात, आणि त्यांत आपल्या कोकणातली माणसे असत. करार पाच वर्षांचा. आरंभी परतीचा प्रवास मोफत होता. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सवलत बंद झाली. सर्वांत मिळून साधारण एक तृतीयांश माणसे परतली. बाकीची तिथेच राहिली, त्यांची नातवंडे-पणतवंडे म्हणजे आजचे मॉरिशस.

तिथली मराठी मंडळी मला प्रथम भेटली ती गणपतीत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आपला भाद्रपद, त्यांचा हिवाळा सरत आलेला. पाऊस नाही, चिखल नाही, मला ते फार चमत्कारिक वाटे. घरात क्रिओल बोलणारी माणसे आरती सुरू होताच मराठीत जात. रात्री मृदंग निघाला आणि ‘झाकरी’ सुरू झाली. मी पाहतच राहिलो. हा आपल्या रत्नागिरीचा जाखडी नाच! पायांचा ठेका तोच, फेर तोच, गाण्यातले काही शब्द झिजून गुळगुळीत झालेले. गाणाऱ्याला सगळ्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. मला अर्थ माहीत होता, पण गाणे येत नव्हते. त्यांनी मला आग्रह केला, तुम्ही तर तिकडचे, एखादे तुमच्या कोळ्यांचे गाणे म्हणा. दोन ओळींनंतर मी अडलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

तिथेच एका गृहस्थांशी माझा स्नेह जुळला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, साठीचे. मी त्यांना दादा म्हणत असे. १९९३ मध्ये एकदा त्यांनी मला घरी बोलावून एक चिठ्ठी हातात ठेवली. मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या करारबद्ध माणसांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव. पुढच्या काळातल्या माणसांची छायाचित्रेही आहेत. दादांचे मूळपुरुष १८५८ मध्ये आलेले, त्यामुळे छायाचित्र नाही. चिठ्ठीत त्यांनी नोंद उतरवून आणली होती. वय चोवीस. जात मराठा. झिल्ला रटनाघेरी. गाव पँग्री. आडनाव नाही. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. त्यापलीकडे घरात तोंडोतोंड टिकलेली एकच गोष्ट होती : आमची देवी वाघजाई.

दादा म्हणाले, “तुम्ही सुट्टीवर जाल तेव्हा एवढे गाव पाहून या. मला काही नको. जमीन नको, घर नको. देवळासमोर उभे राहून सांगा, की तो पोहोचला होता.”

मी म्हणालो, अवश्य. कोकण मला किती दूर? वसईहून एका रात्रीचा प्रवास.

बंधू-भगिनींनो, ती चिठ्ठी माझ्या पाकिटात तेवीस वर्षे राहिली.

१९९४ च्या सुट्टीत घराचे छप्पर काढले होते. वडिलांना मी चिठ्ठी दाखवली. ते जाळे विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “लोकांची गावे शोधशील तेव्हा शोध. तू आपल्या गावी कधी येणार, ते सांग.” मी म्हणालो, दोन वर्षांत. १९९६ च्या जानेवारीत शेजाऱ्यांचा फोन आला. त्या काळी मुंबईचे विमान रोज नसे. तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो, तेव्हा सर्व आटोपले होते. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. ती चालवणारे घरात कोणी नव्हते. त्याच महिन्यात ती मी विकली. किंमत मी सांगणार नाही. ज्याने घेतली त्याला ती स्वस्त पडली आणि मला महाग.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली आणि माझी प्रवासाची सबबही संपली. तरी मी गेलो नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला लग्ने असतात, बँकेची कामे असतात, दातांचा डॉक्टर असतो. दादा दर वेळी विमानतळावरून परतल्यावर भेटत, काही विचारत नसत. हे न विचारणे फार जड असते.

२०१६ मध्ये मी कायमचा परतलो. गेलो तेव्हा मी बॉम्बेहून, ठाणे जिल्ह्यातून गेलो होतो. परतलो तो मुंबईत उतरून पालघर जिल्ह्यात. १९९५ मध्ये शहराचे नाव बदलले, २०१४ मध्ये जिल्हा. वसईची तर २००९ मध्ये महानगरपालिकाच झाली होती. पाचूबंदरला घर तिथेच, पण गल्लीतली तरुण मुले मला ‘कोणाकडे आलात?’ असे विचारीत. होड्या मोठ्या झालेल्या, तांडेल आपला, खलाशी मात्र पुष्कळदा बाहेरून आणलेले. कोळ्याची मुले नोकरीला लागली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्या वाटेने आधी गेलेला मीच. आता तर किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते, फेब्रुवारी २०२४ पासून. मी कधी कधी उगाच तिच्यात बसून जाऊन येतो. बायको म्हणते, पंचवीस वर्षे बोटींनी पोट भरले नाही का?

परतल्यावर पहिला पावसाळा सरला आणि मी चिठ्ठी काढली.

काम वाटले तितके सोपे नव्हते. पांगरी किंवा पांगारी या नावाची गावे रत्नागिरी जिल्ह्यात एकाहून अधिक तालुक्यांत आहेत. शिवाय १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हाच नव्हता, म्हणजे १८५८ सालचे ‘रटनाघेरी’ थेट सावंतवाडी संस्थानाच्या सीमेपर्यंत पोहोचते. आणि वाघजाई! दक्षिण कोकणात वाघजाईचे देऊळ विचारणे म्हणजे वसईत केळीची बाग कुठे आहे, असे विचारण्यासारखे. मी तीन वर्षांत सहा फेऱ्या केल्या. तहसील कचेरीत जुने कागद पाहिले. पण चोवीस वर्षांच्या, आडनाव नसलेल्या कुळाची नोंद कोण ठेवतो? पोलीसपाटील भेटले, गुरव भेटले, शाळेतल्या गुरुजींनी घरी नेऊन जेवू घातले. सगळीकडे एकच उत्तर : मुंबईला गेलेले माहीत आहेत, त्यापुढे गेलेले माहीत नाहीत.

राजापूरच्या बाजूच्या एका वाडीत मात्र एका वृद्ध गुरवांनी मला एक गोष्ट सांगितली. शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या वाडीत पालखी एका ठिकाणी क्षणभर थांबते, जिथे घर नाही. नुसते दगडी जोते, त्यावर काजूचे झाड उगवलेले. कोणाचे घर होते, कोणालाही सांगता येत नाही. गुरव म्हणाले, “माझ्या आज्याच्या वेळीही थांबत असे. का ते त्यालाही ठाऊक नव्हते. घरचे माणूस बाहेर गेलेय, येईल, म्हणून थांबते, एवढेच तो सांगे.”

हे दादांचे घर होते, असे मी म्हणू शकत नाही. पुरावा काहीही नाही. माझ्यासारख्या यंत्राच्या माणसाला अंदाजावर बोलट घट्ट करता येत नाही. तरी मी त्या जोत्यासमोर उभा राहिलो आणि दादांनी सांगितलेले वाक्य मोठ्याने म्हटले. गुरवांनी नारळ फोडला. घरी आल्यावर दादांना फोन केला. सगळे जसेच्या तसे सांगितले, पुरावा नाही हेही सांगितले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, “काजूला मोहोर होता का?”

दादा २०१९ मध्ये गेले. त्यांची नात शिक्षिका आहे, मुलांना मराठी शिकवते. तिने मला कळवले आहे, की येत्या शिमग्याला ती येणार आहे. आधी पाचूबंदरला आमच्याकडे उतरेल. तिला वलांडीवरचे बोंबील पाहायचे आहेत, आजोबांना मी त्यांच्याविषयी फार सांगत असे. मग मी तिला घेऊन कोकणात जाईन. मला आता डोंगर चढवत नाही, आणि बाकीच्या पांगऱ्या अजून पाहायच्या राहिल्या आहेत.

तेव्हा सभागृहात राजापूर, लांजा, संगमेश्वर, गुहागर या भागांतले कोणी असतील, किंवा ज्यांचे सोयरे तिकडे असतील, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर कृपया मला भेटावे. चिठ्ठी मी बरोबर आणली आहे.