वेढ्यातले खरेदीखत

श्रोतेहो, जमिनीचा व्यवहार तुम्हांला नवा नाही. खरेदीखत, साक्षीदार, भाऊबंदांचा हक्क, यांत कुठे चूक राहिली तर पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी चढावी लागते, हे तुम्ही जाणता. आज बायबलमधल्या एका जमीनखरेदीची हकीकत सांगतो. आशा म्हणजे काय, हे मला त्या व्यवहारात जितके स्पष्ट दिसते तितके पुष्कळशा प्रवचनांतही दिसत नाही.

इसवी सनापूर्वी 587 च्या सुमाराची गोष्ट. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यरुशलेम शहराला वेढा घातला होता. आत धान्य संपत आलेले. यिर्मया हा संदेष्टा राजाच्या चौकीत कैदेत पडला होता. गुन्हा काय? तर शहर पडणार, हे तो उघड बोलून दाखवत होता. रोज एक भाकर मिळे, तीही शहरात भाकर होती तोवर.

अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल आला. म्हणाला, ‘आपल्या अनाथोथ गावचं माझं शेत तू घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.’ अनाथोथ शहरापासून अवघ्या दोनतीन मैलांवर. पण तो सारा मुलूख शत्रूने व्यापलेला! असे शेत तुम्हीआम्ही फुकटसुद्धा घेतले नसते.

यिर्मयाने ते घेतले. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला एक तोळा. दस्तऐवज लिहिला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद केली, एक उघडी ठेवली. आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखाला सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे यांची खरेदी होईल, हा देवाचा शब्द, असे तो म्हणाला. मडक्याचा उपाय भाबडा नव्हता बरं का! मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत 1947 च्या सुमारास मेंढपाळांना मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या मिळाल्या, त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या होत्या.

पण मला खरी मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसला, तेव्हा त्याचेच मन चक्रावले. ‘देवा, मोर्चे तटाला भिडलेत, माणसं उपाशी मरताहेत, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस?’ अशा अर्थाचे तो बोलला. म्हणजे शंका फिटली नव्हती, तरी चांदी तोलून झाली होती. मन शांत होईल तेव्हा बघू, असे म्हणून तो थांबला नाही.

हाच माणूस आधी बाबेलला नेलेल्या कैद्यांना पत्र लिहून चुकला होता. इकडे यरुशलेमात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा लोकांना सांगे, दोन वर्षांत सारे परत येतील. गोड बोलणे कुणाला नको असते! असे ऐकले की माणूस गाठोडे बांधून दारात बसतो. यिर्मयाने लिहिले ते कडू होते : 70 वर्षे लागतील. तेव्हा तिथेच घरे बांधा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या शहरात आहात त्याचे बरे चिंता. परत जाण्याची आशा त्याने काढून घेतली नाही. पण ती धरून आजचा दिवस पडीक ठेवू नका, एवढे बजावले. शिक्षकबंधूंनी हे पत्र वर्गात जरूर वाचून दाखवावे. यिर्मयाच्या पुस्तकात एकोणतिसावा अध्याय.

शहर पडले, जळाले. यिर्मयाला त्याच्याच लोकांनी मनाविरुद्ध मिसर देशात नेले. ते शेत त्याने कधी कसल्याचे कुठे लिहिलेले नाही. पुढे इसवी सनापूर्वी 539 मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि यहुद्यांना घरी जाण्याची मुभा दिली. परतलेल्यांची गाववार यादी एज्राच्या पुस्तकात आहे. त्यात अनाथोथची नोंद आहे : पुरुष 128.